पायाळू बानाबाईची नात

बानाबाई पायाळू जन्मली, आणि तिथंच तिच्या जन्मभराच्या मानपानाची सोय झाली. बाकीची लेकरं डोकं पुढं करून जगात येतात. ही बया आधी पाय टाकून आली. सुईणीनं कपाळाला हात लावला, आई मरता मरता वाचली, पण गावानं मात्र लगेच ओळखलं की पोर कामाची आहे. पायाळू माणसाच्या पायात गुण असतो म्हणतात. कमरेत उसण भरली की आपण पालथं पडायचं, पायाळू माणसानं पाठीवरून पाय ओढायचा आणि हलकीशी लाथ द्यायची. उसण पळते. का पळते, असं विचारणाऱ्याची मात्र पळत नाही.

पाचोडजवळच्या धनगरवस्तीवर बाजाराच्या दिवशी तिच्या अंगणात गर्दी व्हायची. पोती उचलून अवघडलेले हमाल यायचे, ट्रॅक्टरवाले यायचे, मोसंबीच्या बागेत खुरपून वाकलेल्या बाया यायच्या. शाळेत अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारे एक गुरुजीही यायचे, फक्त ते मागच्या वाटेनं यायचे. बानाबाई कुणाकडून काही घेत नसे. मान मात्र पुरेपूर वसूल करी.

त्यामुळे शालूची पाठ दुखायला लागली तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. शालू म्हणजे बानाबाईचा मुलगा बिभीषण आणि सून शीला यांची लेक, तिसरीतली. बाप मेंढरांमागं, आई बागेत मजुरीला, म्हणून पोर वाढली ती आजीचा पदर धरून. कळपातून कोकरू निसटलं की मोठी माणसं शिव्या देत उठायच्या आत ही त्याला काखोटीला मारून परत आलेली असायची. त्या हिवाळ्यात ती धावेनाशी झाली. सगळ्यांना भराभर कारणं सापडली. दप्तर जड आहे. वाढीचं वय आहे. शाळा बुडवायचं नाटक आहे. बानाबाईनं सगळ्यांना गप्प बसवलं. उसण आहे म्हणाली, आणि नातीला अंगणात पालथं घातलं.

"गेली का गं?" लाथ देऊन झाल्यावर तिनं विचारलं.

"गेली," शालू म्हणाली.

पुढं दुखणं परत आलं, परत पाय फिरला, परत शालू "गेली" म्हणाली. बानाबाई खूश. पोरगी आडवी होत नाही, घोंगड्यांच्या वळकटीला टेकून बसल्या बसल्याच झोपते, हे ती बघत होती. पण बघणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं. मेंढरांमागं फिरताना पोरीचा बापही बसूनच झोपायचा, असं सांगून तिनं तोही विषय मिटवला.

शीलाला ते पटेना. एकदा भाकरी थापता थापता ती बोललीच. "आत्याबाई, उसणवाल्याला आडवं पडलं की बरं वाटतं. हिला आडवं पडलं की जास्त व्हतंय. ही कसली उसण?"

"तू मला शिकवू नको. तुझ्या बापाची कुणी काढली व्हती?"

शीला गप्प झाली, कारण तिच्या बापाची खरोखरच बानाबाईनं काढली होती. सुनेला गप्प करायला एवढं बस झालं. दुखण्याला गप्प करायला झालं नाही.

मग एके सकाळी शालू शाळेला निघाली आणि शीला तिच्यामागून बागेकडं. वाटेत धुळीत शालूची डावी चप्पल पडलेली. पोरगी पुढं एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, अशी चालली होती, तीही बाभळीच्या काट्यांतून. शीलानं धावत जाऊन तिला धरलं. तळव्यात काटा रुतलेला होता, रक्त आलं होतं.

"चप्पल कुठं हाय तुझी?"

शालूनं खाली बघितलं आणि तिलाच नवल वाटलं. "पायात तर व्हती," ती म्हणाली.

शीलानं त्या दिवशी सासूला विचारलं नाही. नवऱ्याला म्हणाली, "मेंढरं भावकीत कुणाच्या तरी हवाली कर. उद्या संभाजीनगरला जायचं." बानाबाईला कुणी चल म्हटलं नव्हतं, तरी ती सगळ्यांच्या आधी एसटीत खिडकी धरून बसली. आपल्यावाचून पोरगी डॉक्टरच्या हाती पडावी, हे तिच्या मानात बसत नव्हतं. आडूळ गेलं, चित्तेपिंपळगाव गेलं, आणि रस्ताभर ती एकच सांगत राहिली की डॉक्टर गोळ्या देतील आणि हात हलवत परत यावं लागेल.

मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरांनी शालूला तपासलं आणि लगेच मेंदू-मणक्याच्या विभागात पाठवलं. तिथं डॉक्टर मेघा साळवे होत्या. चष्मा लावलेली सडपातळ बाई. त्यांनी मोठ्यांकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ शालूशीच बोलायला लागल्या. टाचांवर चाल म्हणाल्या. डाव्या पायाचा चवडा वर उचलेना. वाक म्हणाल्या, पाठ एका बाजूला कलली. रबरी हातोडीनं गुडघ्याखाली टकटक केलं तर पाय असा उडाला की शालूला हसू फुटलं. डॉक्टरांना फुटलं नाही.

"कधी पडली होतीस का? पाठीला काही लागलं होतं?"

"पडले नाय," शालू म्हणाली. "आजीनं लाथ मारली."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. शालूला वाटलं, आजीचं मोठेपण या लोकांना ठाऊक नाही, तर सांगायला पाहिजे. "पायाळू हाय ती. समद्या गावाची उसण काढती. माझी बी लई येळा काढली. पर जात नव्हती. मी आपलं गेली म्हणायचे." आणि मग आजीकडं चोरून बघत ती पुटपुटली, "तुला वाईट वाटलं आसतं."

बानाबाईला आता कळलं. इतके दिवस पोरगी आपली इज्जत सांभाळायला दुखणं गिळत होती, आणि आपण तिच्या पाठीवर पाय ठेवत होतो! ती भिंतीला टेकली. डॉक्टर फक्त "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी एमआरआय काढायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. डॉक्टरांनी बिभीषण आणि शीलाला आत बोलावलं. बानाबाई शालूजवळ वॉर्डात थांबली. आत यायला तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. तिचीच छाती झाली नाही. बिभीषण बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"मणक्याच्या आत गाठ हाय म्हणत्यात, माय. पाठ उघडून काढायची. लवकर काढायची. पायातली ताकद चाललीय, अजून उशीर केला तर लघवीवरचा ताबा बी जाईल म्हणत्यात."

"गाठ?"

"हां. मज्जारज्जूत."

बानाबाईनं गाठ एवढाच शब्द घेतला. एडका धडकला की मेंढीच्या पाठीवर कशी टरारून गाठ येते, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. हळद-चुन्याचा गरम लेप लावला की ती बसते. म्हणजे ही गाठ नव्हतीच, ही सूज होती, आणि कशाची सूज ते तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्या पायाची. डॉक्टरांना ते ठाऊक नाही म्हणून ते पोरीची पाठ चिरायला निघालेत. आणि त्यांना सांगायचं कोणत्या तोंडानं?

तिनं सांगितलं नाही. तिनं बिभीषणाला गाठलं. "पाठ चिरलेलं जनावर उभं ऱ्हायलंय का कधी? पोरगी लुळी पडंल. घरी चल. मी लेप लावते, पंधरा दिवसात बसतं का नाय बघ." बिभीषण एवढा आडदांड गडी, पण आतून लोण्यासारखा. डॉक्टरांनी ऑपरेशनचे धोके त्याला आडपडदा न ठेवता सांगितले होते, त्यातला एकेक त्याच्या डोक्यात फिरत होता. सकाळी त्यानं सिस्टरला सांगून टाकलं की आम्ही आमच्या मर्जीनं घरी नेतो.

शीलानं ते ऐकलं आणि ती शालूच्या खाटेवर जाऊन बसली. "मला उचलून न्या आधी," म्हणाली. "मग पोरीला हात लावा." सासूसमोर आवाज न चढवणारी ही बाई त्या दिवशी साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली. बिभीषण मधल्यामध्ये उभा, इकडं आई, तिकडं बायको. शालू डोळे मोठे करून सगळ्यांकडं बघत होती.

तेवढ्यात साळवे मॅडम आल्या. नेण्याचं खूळ कुणाच्या डोक्यातून निघालंय हे त्यांना विचारावं लागलं नाही. सगळ्यांची नजर एकाच माणसावर होती. त्या म्हणाल्या, "आजी, माझ्याबरोबर या. तुम्हाला दाखवल्याशिवाय मी आता पुढं कुणालाच काही सांगणार नाही."

मॅडमच्या खोलीत पडद्यावर शालूच्या पाठीचा फोटो होता. काळा, करडा, पांढरा. बानाबाईला त्यात पाठ काही दिसेना. तिनं नजर खाली वळवली आणि शेवटी तिच्या तोंडून निघालंच, "गाठ नाय ती, बाई. सूज हाय. माझ्याच पायानं आली. तुम्ही उगा चिरू नका लेकराला. माझ्या हातून झालंय, मीच लेप लावून बसवते."

डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि बानाबाईला बसवलं.

"मणके म्हणजे एकावर एक ठेवलेली कडी समजा. मधून पोकळ नळी होते. तिच्यातून ही दोरी जाते, बघा, मेंदूचा निरोप पायापर्यंत नेणारी. गाठ या दोरीच्या आत आहे. बाहेरून पाय लागून इथं सूज येत नाही. आता हे बघा." त्यांनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. "इथं खाली नळी केवढी आहे? आणि गाठीपाशी केवढी?"

बानाबाईनं डोळे बारीक केले. हळूहळू तिला दिसलं. गाठीपाशी नळी रुंद होती.

"मार बसला तर हाड मोडतं. रुंदावत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आतून रोज थोडा थोडा रेटा बसत राहिला, तर लेकराचं वाढतं हाड सरकून जागा देतं. त्याला महिने नाही, वर्षं लागतात."

बानाबाईनं पडद्यावरच्या त्या रुंद जागेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "आमच्या दारात लिंब हाय. रोपटं व्हता तवा त्याला तार बांधली व्हती. आता तार दिसत बी नाय, खोडानं आत घेतली. ती काय एका दिसात नाय घेतली."

"तसंच."

"म्हंजी उसण म्हणून पोरगी माझ्याकडं आली, त्याच्या आधीच ही व्हती?"

"कितीतरी आधी. कुणाच्या पायानं नाही, कुणाच्या नजरेनं नाही, खाण्यापिण्यानं नाही. मुलांना अशी गाठ का होते, हे बहुतेक वेळा आम्हालाही सांगता येत नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पण एक सांगते, खोटा धीर देणार नाही. तुमच्या पायानं गाठ झाली नाही. उशीर मात्र झाला. लेकराची पाठ आठवड्यामागून आठवडे दुखते, आडवं झालं की जास्त दुखते, चाल बदलते, तेव्हा ती उसण नसते. तेव्हा पाय लावायचा नाही, इकडं आणायचं."

हे ऐकून बानाबाईच्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलंही, पण क्षणभरच. पाठोपाठ भीतीनं तिला धरलं. आपण केलंय असं वाटत होतं, तोवर आपण निस्तरू असंही वाटत होतं. आता ते आपलं नव्हतं. लेप नाही, लाथ नाही, काही नाही. जन्मात पहिल्यांदा दुखणं समोर होतं आणि बानाबाईचं त्यात काहीच चालत नव्हतं. ती पदरात तोंड घालून रडली. डॉक्टर बाहेरचे पेशंट थांबवून तिच्याशेजारी बसून राहिल्या.

"चालंल का पोरगी?" शेवटी तिनं विचारलं.

"आज ती चालतेय, म्हणून आजच हात घालायचाय. जेवढी ताकद शिल्लक असताना काढू, तेवढी परत मिळायची आशा जास्त. खात्री मी देत नाही. ऑपरेशननंतर थोडे दिवस पाय आणखी ढिले पडतील, तेव्हा घाबरायचं नाही."

बानाबाई वॉर्डात परतली. शीला अजून खाटेवर तशीच ठाण मांडून बसलेली. सासू तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं बरोबर व्हतं, बाई. माझं चुकलं." मग मुलाकडं वळून, "बिभीषणा, पोरीला हितंच ठेवायचं. पाठ उघडू दे त्यांना." एवढं बोलायला तिला किती कष्ट पडले, ते शीलाला कळलं. ती सरकली आणि तिनं सासूला खाटेवर जागा दिली.

ऑपरेशन लांबत गेलं. बानाबाईनं दाराकडं पाठ करून बसायचं ठरवलं आणि दर थोड्या वेळानं वळून बघत राहिली. साळवे मॅडम बाहेर आल्या तेव्हा दुपार कलली होती. बरीचशी गाठ निघाली होती. जी दोरीला अगदी चिकटली होती, ती ओढायच्या नादाला त्या लागल्या नव्हत्या, कारण तिच्याबरोबर पाय गेले असते. पुढं तपासणीचा अहवाल आला. गाठ हळू वाढणाऱ्या जातीची होती, लगेच दुसरं कुठलं औषध लागणार नव्हतं. पण वरचेवर एमआरआय काढून लक्ष ठेवायचं होतं, पुढची कितीतरी वर्षं.

आणि पाय? पाय हलत नव्हते. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं, सगळ्यांनी ऐकलेलंही होतं, पण ऐकलेलं आणि समोर आलेलं यात फार फरक असतो. शालू पायाकडं बघून "हल की," म्हणायची, आणि पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून राहायचे. बिभीषण मेंढरांकडं जाऊन येतो म्हणाला आणि जिन्यात बसून रडला.

सिस्टरनं शीलाला शालूची कूस बदलायला शिकवलं. पाठ न पिळता, अख्खं अंग एकदम वळवायचं. त्याला दोन माणसं लागतात. बानाबाई पुढं येईना. ऑपरेशनच्या आधीपासूनच तिनं नातीच्या पाठीला बोट लावलं नव्हतं. डोक्यावरून हात फिरवी, तळवे चोळी, पाठ आली की मागं सरके. डॉक्टरांचं बोलणं तिच्या डोक्याला पटलं होतं, हातांना पटलं नव्हतं.

"आजी, धर ना," शालू वैतागून म्हणाली. "आई एकटी कशी वळवंल मला?"

"माझा हात नगं बाळा."

"मग कुणाचा? शेजारच्या खाटेवरच्या बाबाचा आणू?"

शीलाला हसू आलं. तिनं सासूचा हात धरून पट्टीच्या वर, खांद्यापाशी ठेवला. अंग कोमट होतं. बानाबाईनं दुसरा हात कमरेखाली घातला आणि दोघींनी मिळून पोरीला अलगद वळवलं. शालू "हां" म्हणाली आणि झोपून गेली. ती आडवी होऊन गाढ झोपली होती. एवढ्या महिन्यांत बानाबाईनं ते पाहिलं नव्हतं. तिनं हात काढला नाही. पोरगी उठेपर्यंत तशीच वाकून राहिली, आणि मग तिचीच कंबर धरली.

त्यानंतर कूस बदलायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. उजव्या पायाचा अंगठा हलला तो तिलाच आधी दिसला. तिनं एवढा आरडाओरडा केला की सिस्टर धावत आली आणि रागावून गेली. मग पाऊल हललं, मग गुडघा. डावा पाय मागं मागंच होता, हट्टी जनावरासारखा. त्याला आधाराला प्लॅस्टिकचा साचा बसवला. व्यायामाच्या खोलीत फिजिओथेरपीच्या रूपालीताई शालूला उभं करायच्या, आणि आजी मागून पाठीला हात लावून राहायची. दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या, मध्ये शालू. पडणार, उठणार, चिडणार, परत उभी. मधूनमधून रडायची आणि रडताना कुणी बघितलं की जास्तच चिडायची.

एक दिवस बिभीषण सकाळच्या गाडीनं आला. अंगाला मेंढरांचा वास, डोक्याला फेटा, आणि दांड्यांच्या पलीकडच्या टोकाला तो अवघडून उभा राहिला. शालूनं बापाला बघितलं आणि पाऊल टाकलं. बानाबाई तिच्यामागं, हात पाठीवर घट्ट.

"आजी, हात काढा," रूपालीताई म्हणाल्या.

बानाबाईनं ऐकलं नाही.

"आजी, काढा आता. ती तोल सांभाळतेय, तुम्हीच तिला ओढताय."

"पडली तर?"

"पडू दे की मला!" शालू ओरडली. "सोड, आजी!"

बानाबाईनं हात काढला. शालू डुलली. डावा पाय फरशीवर घासला, दांडी पकडायला हात गेला, पण तिनं पकडली नाही. पुढचं पाऊल पडलं. मग आणखी एक. मान पुढं, ओठ दाताखाली, चालणं वेडंवाकडं, पण स्वतःचं. मागं वळून एकदाही बघितलं नाही तिनं. बापाच्या कमरेला जाऊन ती धडकली, आणि तो गडी तिला उचलायचंही विसरून नुसता रडत राहिला.

शालूनं तिथून वळून बघितलं. आजी अजून होती तिथंच, रिकामा हात हवेत धरून.

"आता तू ये," शालूनं हाक मारली.

अख्ख्या पंचक्रोशीत नावाजलेले बानाबाईचे पाय जागचे हलेनात. डोळ्यांपुढं सगळं पाणी पाणी झालं होतं. तिनं दोन्ही हातांनी दांडी धरली, नाक ओढलं, आणि हळूहळू नातीकडं चालायला लागली.